ओटी घेऊन पाटागोनियाला

नवरा जाऊन सहा महिनेही झाले नव्हते आणि मी फिरायला निघाले. तेही काशी-रामेश्वराला नाही, पाटागोनियाला. आमच्या भावकीत यातलं पहिलं वाक्य अजून चघळतात. दुसऱ्यातला शेवटचा शब्द कुणाला धड उच्चारता येत नाही, म्हणून तो तेवढा वाचला. आता मीच सगळं सांगते, म्हणजे दुसऱ्यांना मीठमसाला लावायची तसदी नको.

माझी सगळी नोकरी बसस्टँडवर चौकशीच्या खिडकीत गेली. जालन्याची कधी, नांदेडची लागली का, पैठणची कुठल्या फलाटावर. लाऊडस्पीकरवर जो बाईचा आवाज यायचा, तोही बराच काळ माझाच होता. आख्ख्या मराठवाड्याला मी गाडीत बसवून दिलं आणि स्वतः मात्र घर ते स्टँड, स्टँड ते घर. कुणी विचारलं, बाई तुम्ही कुठं कुठं फिरलात, तर माहेर सोडून सांगायला फक्त तुळजापूर होतं. त्याचा मला राग यायचा. अजून येतो.

त्या खिडकीच्या आत, माझ्या डाव्या हाताला, शहागंजातल्या एका टायरवाल्यानं दिलेलं कॅलेंडर लटकत होतं. वर्ष संपलं, नवं आलं, पण जुन्यावरचं चित्र मला टाकवेना. तारखा कापून काढल्या आणि चित्र तेवढं चिकटपट्टीनं भिंतीवर ठेवलं. एक तळं होतं. निळं. आपल्या इकडच्या कुठल्याच पाण्याला नसतो असला निळा. मागं उभे दगडी सुळके, अंगानं फिकट आणि डोक्यावर काळ्या दगडाच्या टोप्या घातलेले. खाली ना गावाचं नाव, ना देशाचं. शेजारच्या टेबलावरचे साहेब म्हणायचे, "बाई, हे पेंटिंग आहे. असलं पाणी कुठं असतंय व्हय?"

"असेल कुठंतरी," मी म्हणायचे. "अन् नसलं तर तुमचं काय गेलं?"

दिवसभर खिडकीतून बाहेर गोड बोलायचं म्हणजे उरलेलं तिखट आतल्या लोकांना मिळणारच. साहेबांनी ते कधी मनावर घेतलं नाही. मी रिटायर झाले तेव्हा त्यांनीच ते चित्र भिंतीवरून अलगद सोडवून, गुंडाळी करून माझ्या हातात दिलं. घरी आणून मी ते फ्रिजच्या दारावर लावलं.

आम्ही गारखेड्यात राहतो. एकदा पुंडलिकनगरकडून भाजी घेऊन येत होते, तर रस्त्यात एका टूरवाल्याचं नवं ऑफिस दिसलं आणि त्याच्या काचेवर माझं तळं. तेच सुळके, त्याच काळ्या टोप्या. मेथीची जुडी हातात घेऊन मी रस्त्यातच उभी राहिले. मागून स्कूटरवाले हॉर्न मारतायत, मारू द्या. मी आत गेले आणि काउंटरवरच्या पोरीला विचारलं, "ते बाहेर लावलंय ते कुठं आलं?"

"पाटागोनिया, मॅडम. दक्षिण अमेरिकेच्या पार टोकाला." तिनं माझ्या पिशवीकडं बघितलं, चपलांकडं बघितलं. "खूप लांबची टूर आहे ती. तुम्हाला चारधामचं दाखवू का?"

"मी चारधाम विचारलं का?" मी म्हटलं. "जे विचारलंय ते दाखव."

माझ्या नावावर एक प्लॉट होता. तो विकला आणि सीट बुक केली. आमच्या ह्यांना मी तळ्याचं सगळं सांगितलं. त्यांचा स्वभाव असा की क्रांती चौकाच्या पुढं गेलं की त्यांना घराची आठवण यायची. ते म्हणाले, "म्हणजे आपला म्हैसमाळचा डोंगरच की, जरा मोठा. तू जा. मी थांबतो आईपाशी. येताना त्या लोकांची चहापत्ती आण, बघू कशी असते." आम्हाला मूलबाळ नाही. घरात आम्ही दोघं आणि माझ्या सासूबाई. त्यांना मी आमच्याकडच्या पद्धतीनं आत्याबाई म्हणते.

आषाढात एका दुपारी हे जेवून आडवे झाले, ते उठलेच नाहीत.

तेरावा झाला. पाहुणे पांगले. धाकटे दीर हिशेबाचं, कागदपत्रांचं बघत बसले होते. गॅसचं पुस्तक तुमच्या नावावर करून घेऊ, म्हणाले, आणि त्याच दमात, "वहिनी, ते टूरचं कॅन्सल करून टाकू. काही परत मिळतंय का विचारतो मी."

"नका विचारू," मी म्हटलं. "मी जाणार आहे."

भाऊजींच्या हातातला पेन तसाच राहिला. जाऊबाई आतून धावत आल्या. वर्ष तरी फिरू द्या. सणवार बंद असताना फिरायला कोण जातं? लोक तोंडात शेण घालतील. मग दोन दिवसांनी पुन्हा तेच, आठवड्यानं पुन्हा तेच, फोनवर नणंदा, दारात शेजारणी. मला दुःख नव्हतं असं कुणी समजू नये. ह्यांची आठवण मला रोज यायची. फोडणी देताना यायची, कारण त्यांना हिंगाचा ठसका लागायचा. दाराची कडी लावताना यायची. पण ती आठवण गारखेड्यातच बसून काढली पाहिजे असा कुठं कायदा आहे? ह्यांनी स्वतः जा म्हटलं होतं. आणि मला एक गोष्ट पक्की ठाऊक होती. या वेळी मी थांबले असते, तर कायमची थांबले असते. पुढच्या वर्षी दुसरं कारण निघालं असतं, त्यानंतर गुडघे निघाले असते. उभा जन्म लोकांना सुटणाऱ्या गाड्या सांगितल्यावर एवढं तर कळतं मला.

सगळ्यांची भिस्त आता आत्याबाईंवर होती. ऐंशीच्या पुढं गेलेल्या, पाठ वाकलेली, पण शब्द बाहेर पडला की घर गप्प. त्या बोलल्या की ही गप बसेल, असं भाऊजींनी गृहीत धरलं होतं. पण आत्याबाई बोलतच नव्हत्या. मुलगा गेल्यापासून त्यांनी तोंडच मिटलं होतं. दिवाळी तशीच गेली. त्यांच्या मनात काय आहे, याची खरं सांगते, मला धास्ती वाटत होती. बाकीच्यांना मी पुरून उरले असते. त्यांनी नको म्हटलं असतं तर मात्र माझा पाय उचलला नसता.

निघायच्या दिवशी सकाळी रिक्षा दारात आली. आत्याबाईंना माझ्या माघारी भाऊजींकडं राहायचं होतं, म्हणून भाऊजी आणि जाऊबाई न्यायला आलेले. भाऊजींचं तोंड एरंडेल प्यायल्यासारखं. मी बॅग उचलली, तेवढ्यात आतून आत्याबाई आल्या, पदरात काहीतरी धरून, भिंतीला हात लावत लावत.

"थांब," त्या म्हणाल्या. "ओढणी धर."

मला कळेना. मी ओढणी पुढं केली. त्यांनी खोबऱ्याची वाटी टाकली, हळकुंड, सुपारी, खारका, आणि मग ओंजळीनं तांदूळ. वर खण ठेवला. माझी ओटी भरली हो त्यांनी! विधवेच्या हातानं विधवेची ओटी.

जाऊबाई किंचाळल्याच. "आत्याबाई, आवं हे काय! तुमच्या हातानं? अन् त्यांची?"

"कामून? माझे हात झडले का?" आत्याबाईंनी मान वर केली. "माझा माणूस गेला तवा पोरं शाळंत होती. तवापासून म्या म्हायेराला गेले, माघारी आले, किती डाव गेले अन् आले. भावजया दारात यायच्या, ये बरं का म्हनायच्या. ओटी कुनी भरली नाय. रिकामी जायची अन् रिकामी यायची. लई दिस सोसलं. ही एवढ्या लांब चालली, हिला म्या रिकामी धाडनार नाय."

मग माझ्याकडं वळून म्हणाल्या, "जिथं जातीस तिथलं पानी घाल, तांदूळ शिजव अन् तूच खा. टाकायचे नाय. ऐकलं का?"

मी हो म्हटलं आणि ढसाढसा रडले. तेराव्यालाही इतकी रडले नव्हते. शेवटी रिक्षावाला म्हणाला, "चलो अम्मा, देर हो री," तेव्हा मी ओटी खणात बांधली, हातातल्या पिशवीत घातली आणि बसले.

प्रवासाचं काय सांगू? मुंबईहून विमान, मग दुसरं विमान, मग तिसरं. पाय सुजून कणगीसारखे झाले. आमच्या ग्रुपमध्ये पुण्याचे, नागपूरचे, सांगलीचे लोक, बहुतेक सगळी जोडपी. खोलीत माझ्याबरोबर नाशिकच्या एक बाई होत्या. त्यांच्या मिस्टरांना थंडी सोसत नाही म्हणून त्या एकट्या आलेल्या. मनानं चांगल्या, पण ह्यांचं कळल्यापासून माझ्याशी बोलताना आवाज खाली घ्यायच्या, आजाऱ्याशी बोलावं तसा. टूर लीडर ठाण्याचा तरुण मुलगा होता, सगळ्यांना काका-काकू म्हणणारा आणि सतत डोकी मोजणारा.

पहिला मुक्काम अर्जेंटिनात, एल कालाफाते नावाच्या गावात. तिथं जानेवारीत उन्हाळा. उन्हाळा म्हणायची आपली पद्धत, बाकी वारा असा की बोलायला तोंड उघडलं तर शब्द परत आत जातो. गावाला लागूनच भलंमोठं तळं, आपलं पैठणच्या नाथसागराचं पाणी आठवावं असं, आणि त्यात गुलाबी पक्षी एका पायावर उभे. दुसऱ्या दिवशी आम्हाला बर्फाची नदी दाखवायला नेलं. पेरितो मोरेनो तिचं नाव. समोर बर्फाची भिंत, डावीकडून उजवीकडं नजर पोचत नाही एवढी, आणि निळी. बर्फ निळा असतो हे मला कुणी सांगितलं नव्हतं. आम्ही कठड्याला टेकून बघत होतो, तर भिंतीचा एक कडा सुटला. आधी नुसताच पडताना दिसला, मग मागून आवाज आला, बार उडाल्यासारखा. पाणी उसळलं. आमच्या ग्रुपनं एका सुरात "गणपती बाप्पा मोरया" केलं. आजूबाजूचे गोरे लोक दचकले, मग तेही टाळ्या वाजवायला लागले. मी इतकी हसले की पोटात दुखलं. ह्यांनी हे बघायला हवं होतं असं वाटलं, आणि लगेच वाटलं, छे, त्यांनी पहिल्याच दिवशी घर कधी येतं विचारलं असतं.

त्याच दिवशी संक्रांत होती. टूरवाल्यांनी हॉटेलच्या खालच्या हॉलमध्ये बायकांचं हळदीकुंकू ठेवलं होतं. काळ्या साड्या, त्यावर स्वेटर, पायात बूट. नाशिकच्या बाई तयार होऊन मला म्हणाल्या, "तुम्ही दमला असाल हो. वरच आराम करा. मी तुमचा तिळगूळ घेऊन येते."

आवाजात नुसती साखर. मला त्या साखरेचाच राग येतो. कुणी तोंडावर म्हटलं, येऊ नका, तर भांडता तरी येतं. मी तोंड धुतलं, टिकली लावली आणि खाली जाऊन मधल्याच खुर्चीत बसले. करंडा घेऊन सांगलीच्या एक बाई ओळीनं कुंकू लावत आल्या. माझ्यापाशी आल्यावर त्यांचं बोट हवेतच थांबलं.

"संपलं का?" मी विचारलं.

"नाही, म्हणजे..." त्यांना घाम फुटला, त्या थंडीत.

मी करंडा घेतला, माझं मी लावलं आणि करंडा पुढच्या बाईकडं दिला. तिळगूळ मला दोन मिळाले. ते घट्ट होते, पाक जरा जास्त झालेला.

दुसऱ्या दिवशी आमची बस चिलीत जायची होती. माझं तळं तिकडं होतं, हद्दीच्या पलीकडं. बस सुटल्याबरोबर लीडरनं माइक घेतला. "मंडळी, नीट ऐका. चिलीत खाण्याचं काही नेऊ देत नाहीत. फळं, बिया, घरचं, बाहेरचं, असेल ते आत्ता संपवा नाहीतर मला सांगा. लपवलेलं सापडलं तर दंड होतो." झालं, बसमध्ये जेवणावळ सुरू झाली. तिळगूळ, चिवडा, गुळपापडी, कुणाचे मेथीचे ठेपले. बाहेर नुसतं पिवळं गवत आणि कुंपणापलीकडून बघणारे उंटाच्या तोंडाचे प्राणी, आणि आत सगळ्यांची तोंडं चालू. लीडर प्रत्येकाला विचारत माझ्यापर्यंत आला. "काकू, तुमच्याकडं खाण्याचं काही?"

"काही नाही," मी म्हटलं.

मी खोटं बोलले नाही. आईशपथ सांगते, माझ्या ध्यानीमनीही आलं नाही. ओटी खाण्यात मोजतं का कुणी? खाणं म्हणजे डब्यातलं. आपल्यातल्या कुठल्याही बाईला विचारा, तीही नाहीच म्हणेल.

हद्दीवर एक बसकं ऑफिस होतं, वाऱ्यात थरथरणारं. आम्हाला सगळ्या सामानासकट उतरवलं आणि पिशव्या मशीनमधून काढायला लावल्या. माझी पिशवी आत गेली आणि मशीन थांबलं. गणवेशातली एक बाई आली, तिशीची असेल, केस घट्ट बांधलेले. तिनं पिशवीतून खण बाहेर काढला आणि टेबलावर सोडला. तांदूळ, खोबऱ्याची वाटी, हळकुंड, सुपारी, खारका. एकेक गोष्ट ती बोटानं बाजूला करत गेली आणि तिच्या भुवया वर वर जात गेल्या. तिच्या खात्यानं जे जे आणू नका म्हटलं होतं, ते सगळं आत्याबाईंनी एकाच खणात बांधून दिलं होतं.

लीडर पळत आला. "काकू! तुम्ही नाही म्हणालात ना?"

"हे खाणं नाही. ही ओटी आहे."

त्यानं कपाळावर हात मारला आणि त्या बाईला इंग्रजीत काहीतरी सांगितलं. मला इंग्रजी समजतं तेवढं. तो म्हणत होता, धार्मिक वस्तू आहे, आम्ही टाकून देतो.

"धार्मिक नाही," मी म्हटलं. "सासूनं दिलंय. अन् टाकायचं नाही असं सांगितलंय."

"काकू, प्लीज. तो डबा आहे बघा तिथं, त्यात टाका. पूर्ण बस थांबलीय."

थांबलीच होती. मागं आमची सगळी रांग, चुळबुळ, उसासे. कुणीतरी म्हणालं, एका माणसापायी सगळ्यांचा खोळंबा. नाशिकच्या बाई पुढं आल्या, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि त्याच साखरेच्या आवाजात म्हणाल्या, "अहो, टाका ना. मूठभर तांदळाचं काय एवढं? नाहीतरी तुम्हाला ओटीचं..."

आणि थांबल्या.

"बोला की," मी म्हटलं. माझ्या अंगाचा तिळपापड झाला होता. "अर्धं वाक्य गिळू नका. मला ओटीचं काय?"

"माझा तसा अर्थ नव्हता."

"तुमचा तसाच अर्थ होता. सगळ्यांचा तसाच असतो, कुणी म्हणून दाखवत नाही एवढंच. ऐका आता. माझी ओटी माझ्या सासूनं भरलीय. तिची कुणी भरली नाही, उभ्या जन्मात नाही भरली, म्हणून तिनं माझी भरली. तिनं सांगितलं, तिथल्या पाण्यात शिजवून खा. ते तांदूळ मी इथं कचऱ्याच्या डब्यात टाकू? अन् घरी जाऊन म्हातारीला काय सांगू, की जमलं नाही म्हणून? मी नाही टाकणार. मला इथंच बसवून जा हवं तर. येताना घेऊन जा."

मी खरंच तिथल्या बाकावर बसले. रडू नको, मी स्वतःला बजावत होते, आता रडलीस तर सगळे मिळून तुझी समजूत काढतील आणि समजूत काढता काढता तांदूळ टाकतील.

त्या गणवेशातल्या बाईनं लीडरला विचारलं, हे काय चाललंय? त्यानं सांगितलं. मध्ये सासू हा शब्द इंग्रजीत आला, तशी तिची भुवई पुन्हा वर गेली, पण आता तिलाही सासू असल्यासारखी. ती माझ्याकडं बघून काहीतरी बोलली. लीडर म्हणाला, "काकू, ती म्हणतेय, हे आत जाणार नाही म्हणजे नाही. टाका, नाहीतर इथंच खाऊन संपवा. ती गंमत करतेय हं."

"खाऊन चालेल?" मी विचारलं. "पक्कं विचार."

त्यानं पक्कं विचारलं. तिनं खांदे उडवले आणि घड्याळाकडं बोट दाखवलं.

मग मी खाल्लं. हळकुंड आणि सुपारी मी स्वतः उठून डब्यात टाकली. आत्याबाईंनी तांदळाचं बजावलं होतं, हळकुंडाचं नाही, आणि नियम मलाही कळतो. मग बाकावर बसून खण मांडीवर घेतला आणि तांदळाचा पहिला बकणा भरला. कच्चे तांदूळ चावणं काय असतं ते चावणाऱ्यालाच माहीत. आधी कचकच, मग पीठ, मग जरा गोडसर. दाढा भरून आल्या. घशाला कोरड पडली, पण पाणी मी प्यायले नाही. पाणी मला दुसरं प्यायचं होतं.

सगळी बस बघत होती. सांगलीच्या बाई जवळ येऊन बसल्या. मग नाशिकच्या बाई आल्या. त्यांचे डोळे भरले होते. त्यांनी माझ्यापुढं ओंजळ केली आणि म्हणाल्या, "मला द्या थोडे. मी मदत करते."

"नाही," मी भरल्या तोंडानं म्हटलं. "ओटीचे तांदूळ दुसऱ्याला देत नसतात. तुम्हाला ठाऊक नाही का?"

त्यांनी ओंजळ मागं घेतली. मला त्यांची दया आली, पण तांदूळ माझे होते. "खोबरं घ्या," मी म्हटलं. "खारका पण घ्या. त्या चालतात." त्यांनी खोबऱ्याची वाटी टेबलाच्या कडेवर आपटून फोडली आणि सगळ्यांना वाटली. लीडरनंही एक तुकडा तोंडात टाकला. गणवेशातल्या बाईला दिला तर तिनं मानेनं नको म्हटलं, पण ती हसत होती. मी शेवटचा दाणा खणाच्या घडीतून बोटानं उचलून खाल्ला आणि खण तिच्यापुढं झटकून दाखवला. तिनं लीडरला चांगली ताकीद दिली आणि आम्हाला सोडलं.

बसमध्ये माझ्या पोटात दगड ठेवल्यासारखं झालं होतं.

दुपारी एका वळणावर बस थांबली आणि माझं तळं समोर आलं. पेओए त्याचं नाव. इतकी वर्षं नाव नसलेल्या तळ्याला नाव होतं. कॅलेंडरवाल्यानं रंग भडक छापला असेल, अशी माझी तयारी होती. नव्हता छापला. उलट फिकाच छापला होता. सुळके तसेच, काळ्या टोप्या तशाच, फक्त चित्रात वारा नव्हता आणि इथं वाऱ्यानं उभं राहू देईना. तळ्यावरून पाण्याचे फवारे उचलून तो धुरासारखे पळवत होता. मी कठडा धरून उभी राहिले आणि मला हुंदका आला. आनंदाचा. मी आले होते. चौकशीच्या खिडकीतली बाई इथं आली होती, कुणाला विचारून नाही, कुणी नेलं म्हणून नाही.

"मंडळी, फोटोला पंधरा मिनिटं," लीडर ओरडला. "खाली पाण्याकडं जायचं नाही हं, वारा आहे."

मी पायवाटेनं खाली निघाले. "काकू!" तो मागून ओरडला. मी वळले नाही. शेवटच्या उताराला मी सरळ बसून घसरत गेले, ड्रेसला माती लागली, लागू दे. पाण्यात हात घातला तर बोटं बधिर झाली. ओंजळ भरून प्यायले, पुन्हा भरली, पुन्हा प्यायले. दात ठणकले, छाती आतून गार पडत गेली. पोटावर हात ठेवून मी मोठ्यानं म्हटलं, "आत्याबाई, तांदूळ आत गेले, पाणी आत गेलं. आता जे शिजायचं ते आत शिजेल."

वर आले तेव्हा नाशिकच्या बाईंनी मला हात देऊन ओढून घेतलं. त्यांनी माझ्या ड्रेसची माती झटकली.

परत आल्यावर मी आधी पुंडलिकनगरला भाऊजींच्या घरी गेले. हातात ह्यांनी सांगितलेली चहापत्ती होती. तिकडं झाडाचा पाला घालून कडू चहा पितात, तो आणला होता. भाऊजी सोफ्यावर पेपर वाचत होते. "आलात का," एवढंच म्हणाले. जाऊबाईंनी पाणी दिलं. आत्याबाई दाराजवळच्या खुर्चीत बसून होत्या.

"शिजीवले का?" त्यांनी विचारलं. कशी आहेस नाही, काय बघितलं नाही.

"शिजवले."

"कशात?"

"पोटात," मी म्हटलं, आणि सगळं सांगितलं. मशीन, गणवेशातली बाई, अर्धं वाक्य, कच्चे तांदूळ, तळं. ऐकता ऐकता त्या हसायला लागल्या. लेक गेल्यापासून पहिल्यांदा हसल्या. तोंडात दात नव्हते, खांदे गदगदत होते. हसता हसता त्यांनी डोळ्याला पदर लावला आणि बराच वेळ काढला नाही.

"पानी कसं व्हतं?"

"गार होतं. गोड होतं."

त्यांनी मान हलवली. मग खुर्चीचा हात धरून त्या उठल्या. "चल. आता माझी भर."

"काय?" जाऊबाई म्हणाल्या.

"ओटी भर म्हनते मी हिला. मला बी जायचंय."

"या वयात?" भाऊजींनी पेपर खाली ठेवला. "आई, कुठं जायचंय तुला?"

"ते म्या मागून सांगीन," आत्याबाई म्हणाल्या. "आधी भर."

मी जाऊबाईंच्या स्वयंपाकघरात गेले, तांदळाचा डबा उघडला आणि ओंजळ भरून बाहेर आले. आत्याबाई दारात उभ्या होत्या. दोन्ही हातांनी पदर पसरलेला, आणि पायात चपला घातलेल्या.